बकासुराची चार फुटी टाकी: सायकलिंग अडलं कुठे?

ताईच्या घरी मासा आला तो भाच्याच्या बारावीच्या निकालाच्या आठवड्यात. पाच सेंटीमीटरचा ऑस्कर, काळ्या अंगावर नारिंगी नक्षी, रुसलेल्या पोरासारखं तोंड. दुकानदाराने सोबत दोन फुटी टाकी दिली आणि वर सांगितलं, "मासा टाकीच्या मापानेच वाढतो, काळजी करू नका."

दिवाळीच्या फराळाला मी ठाण्याहून त्यांच्याकडे सिंहगड रोडला गेले, तेव्हा त्याचं नाव बकासुर पडलेलं होतं. लांबी काचेला पट्टी लावून मोजली: 18 सेंटीमीटर. म्हणजे वीतभराला दोन बोटं कमी. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. त्यात पाणी जेमतेम 50 लिटर. वळताना त्याचं शेपूट मागच्या काचेला घासायचं. ऑस्कर मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, पूर्ण वाढला की 30 सेंटीमीटरच्या पुढे जातो आणि वजन किलोच्या वर भरतं. टाकीच्या मापाने मासा वाढत नाही, टाकीतल्या घाणीने तो खुरटतो. दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, म्हणून हा समज टिकून आहे.

ताईचं म्हणणं सरळ होतं. "मुठेत सोडून दे, मोकळा राहील बिचारा." भाचा काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. परदेशी मासा नदीत सोडायचा नसतो. घराघरांतून असे सोडलेले सकर मासे आज किती राज्यांतल्या तलावांत मासेमारांची जाळी फाडत आहेत. मी म्हटलं, "ताई, टाकी बदलू. सायकलिंग, म्हणजे मासा सोडण्याआधी नवी टाकी तयार करणं, मी शिकवते याला." मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि माझ्या घरी बारा वर्षं दोन टाक्या आहेत. मला वाटलं, यात अवघड काय.

साडेतीनशे किलो कुठे ठेवायचे

मला टाकी चार फूट लांब आणि दोन फूट रुंद हवी होती. हॉलमध्ये दीड फुटाच्या पुढे जागा नव्हती, त्यामुळे चार बाय दीड बाय दीडवर तडजोड झाली. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करता तीत साधारण 240 लिटर पाणी मावतं. पूर्ण वाढलेल्या ऑस्करला हीसुद्धा किमान मापाच्या जरा खालीच आहे, हे मी तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. पाणी 240 किलो, 10 मिलिमीटरच्या काचा 60 किलोच्या आसपास, लोखंडी स्टँड 35, वाळू 25. बेरीज 360 किलो, आणि हे सगळं अर्ध्या चौरस मीटरहून थोड्याच जास्त जागेवर. ताईला घाम फुटला. सोसायटीत एक निवृत्त स्थापत्य अभियंता काका राहतात, त्यांना वर बोलावलं. ते म्हणाले, राहत्या खोल्यांचा स्लॅब आपल्याकडे चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशेबाने धरतात, पण तो सबंध खोलीभर. "तुमच्या त्या सोफ्यावर लग्नाच्या वेळी पाच माणसं दाटीने बसली होती ना? तेवढंच वजन आहे हे. फरक इतकाच की ती माणसं उठून गेली, ही टाकी उठणार नाही." त्यांनी भिंतीवर टिचक्या मारून बीम कुठून जातो ते दाखवलं आणि टाकी बीमच्या अंगाने, भिंतीला समांतर ठेवायला सांगितली. मधोमध किंवा बाल्कनीत तर मुळीच नाही. स्टँडवर प्लायवूड, त्यावर थर्माकोलचा थर, मग टाकी. लेव्हलची बाटली लावली तर एका टोकाला चार मिलिमीटर उतार निघाला; पायाखाली रबराच्या चकत्या सारून तो काढला. दोन दिवस नुसतं पाणी भरून गळती पाहिली. नव्हती.

नवसागराचा हिशेब

मासा पाण्यात अमोनिया सोडतो. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ विषारी, तिसरा बराच सौम्य आणि पाणी बदलून काढता येण्यासारखा. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि काचेवर आधी वाढवायचे आणि मग मासा सोडायचा, याला सायकलिंग म्हणतात. आमच्या पाठ्यपुस्तकांत नायट्राइटच्या पायरीला नायट्रोबॅक्टर छापलेलं असतं. गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम मुख्यतः नायट्रोस्पिरा करतो, हे 1998 मध्येच दाखवून झालं आहे. 2015 मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्याने उरकणारे नायट्रोस्पिराही सापडले. मी वर्गात हे सांगते, पण परीक्षेत नायट्रोबॅक्टरच लिहा असंही सांगते.

मासा न घालता जीवाणूंना खायला काय द्यायचं? नवसागर. कल्हईवाला भांड्यावर टाकायचा तोच, अमोनियम क्लोराइड. बाजारातल्या खड्यांत काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, म्हणून मी प्रयोगशाळेच्या दर्जाचा, डबीबंद विकत घेतला. एक ग्रॅम नवसागरातून साधारण 0.32 ग्रॅम अमोनिया मिळतो. 240 लिटर पाण्यात 2 पीपीएम (लिटरमागे 2 मिलिग्रॅम) करायला लागतो दीड ग्रॅम. भाच्याच्या हातात थेंबांचं टेस्ट किट दिलं, वही दिली आणि नियम सांगितला: रोज रात्री अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा दीड ग्रॅम. दीड ग्रॅममुळे आलेला अमोनिया आणि त्यातून झालेलं नायट्राइट दोन्ही ज्या दिवशी चोवीस तासांत संपेल, त्या दिवशी टाकी तयार.

बी म्हणून जुन्या टाकीच्या स्पंज फिल्टरचा गाळ नव्या फिल्टरमध्ये पिळला. स्पंज पिळताना कळलं की भाचा तो दर रविवारी नळाखाली स्वच्छ धुवायचा. क्लोरीनच्या पाण्याने! "मावशी, काळा पडायचा ना तो." काळा पडणं हेच त्याचं काम, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. तरी बी लागलं. हीटर 28 अंशांवर ठेवला, कारण पुण्याच्या थंडीत घरातलं पाणीही 20 पर्यंत उतरतं आणि जीवाणू सुस्तावतात.

रोज रात्री फोनवर चाचणीच्या नळ्यांचे फोटो यायचे. पिवळ्या दिव्याखाली काढलेले. अमोनियाची नळी पिवळी म्हणजे शून्य आणि हिरवी म्हणजे आहे, आणि पिवळ्या दिव्याखाली सगळंच पिवळट-हिरवं. दोन दिवस वाद घातल्यावर मी त्याला नळ्या पांढऱ्या कागदावर ठेवून सकाळच्या उजेडात बघायला लावल्या.

वहीप्रमाणे पहिल्या दिवशी पीएच (आम्लतेचं माप, 7 च्या खाली आम्ल) 7.4, अमोनिया 2, नायट्राइट शून्य. सहाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइटची नळी जांभळी. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया साफ. सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या दिवशी दीड-दीड ग्रॅम घातल्याची नोंद आहे. पंधराव्यानंतर काहीच हललं नाही. सोळा, सतरा, अठरा: अमोनिया 2, नायट्राइट गडद जांभळं.

मी म्हटलं, थांब, होईल. जांभळ्याचं तसं कोडं नव्हतं. एक भाग अमोनियापासून पावणेतीन भाग नायट्राइट होतं, चार वेळा घातलेलं सगळं तिथे साचलं तर किटचा रंग केव्हाच संपतो. पण अमोनिया का अडावा? पहिल्या पायरीचे जीवाणू तर कामाला लागलेले होते. भाच्याने दुकानदाराला विचारलं, त्याने जीवाणूंच्या दोन बाटल्या दिल्या. त्या ओतल्या. एकोणिसाव्या दिवशी सकाळी अमोनिया 2.

शुक्रवारची रात्र

त्या रात्री साडेदहाला ताईचाच फोन आला. "अगं, हा आडवा पडलाय. श्वास लागलाय त्याला."

जुनी टाकी. तीत बकासुर अजून राहत होता आणि तिच्याकडे आम्ही दोघांनीही तीन आठवडे बघितलं नव्हतं. सगळं लक्ष नव्या टाकीवर. संध्याकाळी भाच्याला वाटलं पाणी पिवळट दिसतंय, म्हणून त्याने वीस लिटर काढून वीस लिटर ताजं घातलं होतं, अँटिक्लोरीनचे थेंबही न विसरता. तासाभरात मासा काळवंडला आणि तळाशी जाऊन गलफडं उघडी टाकून पडला.

मी विचारलं, "पाणी कुठलं घातलंस?"

"टँकरचं. गुरुवारी पाणी बंद होतं ना, सोसायटीच्या टाकीत कालपासून टँकरच आहे."

ताईच्या एका सवयीने त्या रात्री वाचवलं. माशाचं काढलेलं पाणी ती कधीच ओतून देत नाही, झाडांना घालते. जुन्या पाण्याची बादली तशीच बाल्कनीत उभी होती. मी सांगितलं, तिन्ही पाणी तपास: बादलीतलं जुनं, नळाला आलेलं टँकरचं, आणि आत्ता टाकीत आहे ते. दहा मिनिटांनी आकडे आले. बादलीत अमोनिया 4, पीएच 6.0. टँकरचा पीएच 8 च्या वर. टाकीत आता अमोनिया दोन ते चारच्या मध्ये, पीएच 7.8.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जवळजवळ निरुपद्रवी. दुसरं मुक्त अमोनिया, जे गलफडं जाळतं. कुठलं किती, ते पीएचवर ठरतं. पीएच 6 ला मुक्त अमोनिया हजारात एक भागही नसतो, 7.8 ला शंभरात तीन भागांहून जास्त. चाळीस टक्के पाणी बदलल्यामुळे एकूण अमोनिया 4 वरून 2.4 वर आला असेल, पण विषारी भाग तीसपटींहून अधिक वाढला. घाण पाण्यात बकासुर सुरक्षित होता. पोराने काळजीपोटी पाणी बदललं आणि तिथेच घात झाला.

स्वयंपाकघरातल्या पिंपात बुधवारचं महापालिकेचं पाणी होतं. त्यातलं वीस लिटर, पातेल्यात थोडं तापवून कोमट करून, अँटिक्लोरीन घालून, नळीने थेंब-थेंब सोडायला सांगितलं. एअर पंप पूर्ण जोरात, दिवा बंद, खाणं तीन दिवस बंद. मध्यरात्रीनंतर भाचा टाकीशेजारी सतरंजी टाकून झोपला. पहाटे तीनला मेसेज आला: "सरळ झालाय."

मला मात्र झोप लागली नाही. जुन्या टाकीत पीएच 6 कसा झाला, याचं उत्तर मला येत होतं. प्रश्न असा होता की हेच उत्तर नव्या टाकीला लागू पडतं, हे मला चार दिवस का दिसलं नाही.

पहिलाच थेंब

शनिवारी पहाटेची गाडी पकडून पुण्याला गेले. पर्समध्ये केएचचं किट. केएच म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट, आम्ल झेलायची ताकद. चाचणी अगदी शाळकरी आहे: पाच मिलिलिटर पाण्यात थेंब टाकत जायचं, आधी निळा रंग येतो, कितव्या थेंबाला तो पिवळा होतो ते मोजायचं. जितके थेंब तितके अंश.

आधी टँकरचं पाणी घेतलं. अकरा, बारा, तेराव्या थेंबाला पिवळं. महापालिकेचं, खडकवासल्याचं पाणी: तिसऱ्या थेंबाला. मग नव्या टाकीचं. भाचा नळी उजेडाकडे धरून निळ्याची वाट बघत होता. पहिला थेंब पडला आणि नळी सरळ पिवळीच झाली. निळं आलंच नाही.

"खराब आहे का गं मावशी किट?"

किट ठीक होतं. पाण्यात काहीच उरलं नव्हतं. पीएच 6.0, किटचा तळ. खरा त्याहून खालीही असेल.

जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात तेव्हा आम्ल तयार होतं. नायट्रोजनच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे चुनखडीच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या) हिशेबात 7.1 मिलिग्रॅम केएच खर्च होतो. दीड ग्रॅम नवसागराच्या एका मात्रेला लिटरमागे पावणेबारा मिलिग्रॅम, म्हणजे साधारण 0.65 अंश. आमच्याकडे सुरुवातीला 3 अंश होते. चार मात्रांनंतर ते जवळजवळ संपले आणि पाचवी मात्रा पाण्यात तशीच पडून राहिली, कारण पीएच सहाच्या आसपास आला की हे जीवाणू काम जवळपास थांबवतात. पंधरावा दिवस, पाचवी मात्रा. वहीतली नोंद आणि हिशेब एकमेकांवर तंतोतंत बसले. जुन्या टाकीत हेच सहा महिने हळूहळू झालं होतं: केएच संपला, जीवाणू बसले, अमोनिया साचत गेला, आणि आम्लामुळेच तो विषारी झाला नाही.

बाटल्यांतले जीवाणू जिवंत असोत वा नसोत, त्या आम्लात त्यांनी तरी काय केलं असतं.

आता मी का चुकले ते. माझ्या ठाण्याच्या टाक्यांतलं पाणीही मऊच आहे, आणि बारा वर्षांत त्यांचा पीएच कधी पडला नाही. म्हणून मी भाच्याला केएच मोजायला सांगितलंच नाही, रोज पीएच बघ असंही म्हटलं नाही. पण माझ्या दोन्ही फिल्टरमध्ये गुहागरच्या किनाऱ्यावरून आणलेल्या शिंपल्यांची एकेक पुरचुंडी आहे. पहिल्या वर्षी कुठेतरी वाचून घातली आणि विसरले. आम्ल वाढलं की शिंपले थोडे विरघळतात आणि ते झेलतात. बारा वर्षं हे काम माझ्या नकळत शिंपले करत होते, आणि मला वाटत होतं मला टाकी सांभाळता येते.

सोडा, खायचाच

नव्या टाकीत मासा नव्हता, त्यामुळे घाई करायला हरकत नव्हती. निम्मं पाणी बदललं, म्हणजे नायट्राइटही निम्मं झालं. मग ताईच्या केकच्या वजनकाट्यावर 30 ग्रॅम खायचा सोडा मोजून बादलीत विरघळवून ओतला. 240 लिटरला तेवढ्याने केएच चार अंशांनी वाढतो. ताई डबा पुढे करत होती तो पापडखाराचा. पापडखार नाही, बेकिंग पावडर नाही, आणि धुण्याचा सोडा तर अजिबात नाही, त्याने पीएच एकदम उसळतो.

एकविसाव्या दिवशी पीएच 7.6. बाविसाव्याला अमोनिया शून्य. नायट्राइटला वेळ लागला, ते जांभळ्यावरून आकाशी व्हायला तिसावा दिवस उजाडला. मधल्या मात्रांनी पुन्हा केएच खाल्ला, म्हणून आणखी दहा ग्रॅम सोडा. तेहेतिसाव्या आणि चौतिसाव्या रात्री, लागोपाठ दोनदा, 2 पीपीएम अमोनिया चोवीस तासांत सगळा पार झाला.

जुन्या टाकीला मात्र असं झटक्यात काही करायचं नव्हतं. रोज पाच लिटर पाणी बदलायचं, दर वेळी सोड्याची चिमूट, खाणं अर्धं. दहा दिवसांत पीएच 7.2 वर स्थिरावला आणि अमोनिया उतरला.

नव्या टाकीत नायट्रेटची नळी लालभडक, म्हणून शेवटी ऐंशी टक्के पाणी बदललं. डिसेंबरचं गार पाणी. 300 वॅटच्या हीटरला ते 27 अंशांवर आणायला सहा तासांवर लागले. जाळीने ऑस्कर पकडू नये, पराचे काटे अडकतात. भाच्याने त्याला बादलीत हाकलला, नव्या टाकीचं पाणी तासभर थोडं थोडं मिसळलं आणि बादली पाण्याखाली नेऊन तिरकी केली.

बकासुर दोन दिवस कोपऱ्यात कुशीवर पडून होता. भाचा घाबरला, अमोनिया मोजला, शून्य. ऑस्कर रुसतात. तिसऱ्या दिवशी त्याने वाळू उपसून एका बाजूला ढीग केला.

सध्याची व्यवस्था अशी: दर रविवारी शंभर लिटर पाणी बदलायचं, बादल्यांनी नव्हे, पाइप थेट मोरीत. त्यातलं वीस लिटर ताईच्या तुळशीला आणि जास्वंदीला, नायट्रेटचं खत म्हणून. नळाला टँकर असेल तर पाणी बदलणं पुढे ढकलायचं. पाणी बदलण्याआधी केएच. फिल्टरमध्ये अर्धा किलो शिंपले, नायलॉनच्या जुन्या मोज्यात बांधून. ते माझ्या पुरचुंड्यांतूनच काढून दिले.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी भाच्याचा फोटो आला, या वेळी पांढऱ्या कागदावर. केएच 5, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 30. काचेला लावलेल्या पट्टीवर बकासुर 24 सेंटीमीटर. पट्टीच्या मागे हीटर वाळूत आडवा पडलेला दिसत होता, चोषकांसकट उपटलेला.